बत्ताशाचं आजारपण

“कुठंय तो?”

दार उघडल्याबरोबर हेमलतानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीतून शेवग्याचा पाला बाहेर आलेला. परतूरहून पहाटेच्या एस.टी.नं आली होती. नाकाचा शेंडा थंडीनं लाल झाला होता. मी ‘या’ म्हणायच्या आत तिनं उंबरा ओलांडला, चपला दाराआडच्या कोपऱ्यात नेमक्या काढल्या आणि सरळ स्वयंपाकघराकडं निघाली.

“तिकडं नाही,” मी म्हणाले. “न्हाणीत आहे.”

ती थबकली. “न्हाणीत? या थंडीत?”

दिवाळीनंतर त्याला ओट्याखालच्या कोपऱ्यातून उचलून न्हाणीत मीच नेऊन ठेवलं होतं. स्वयंपाक करताना सारखं पायात येणारं ते जनावर मला नकोसं व्हायचं. हेमलतानं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. आम्ही तेव्हा जालन्याला राहत होतो. माझे यजमान श्रीनिवास बियाण्यांच्या कंपनीत होते, आठवड्यातले पाच दिवस मानवत-सेलूकडं फिरतीवर असायचे. त्यांची पहिली बायको शैलजा काविळीनं गेली, त्यानंतर दहा महिन्यांनी त्यांनी माझ्याशी लग्न केलं. मी एकोणतीस वर्षांची होते. बीडला भावाच्या घरी ब्लाउज शिवत दिवस काढत होते, त्यामुळं स्थळ बिजवराचं आहे याचं मला काही वाटलं नव्हतं. घरात आठ वर्षांची गार्गी होती, शैलजाची मुलगी. आणि एक कासव होतं. पितळी डब्याच्या झाकणाएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. त्याचं नाव बत्ताशा. घरात कासव ठेवणं हा गुन्हा आहे, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं.

हेमलता म्हणजे शैलजाची धाकटी बहीण. परतूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलेलं नव्हतं. बत्ताशा या दोघी बहिणींना लहानपणी वडलांच्या शेतात बांधावर सापडला होता आणि शैलजाच्या लग्नात रुखवताबरोबर तोही सासरी आला होता, असं मी ऐकून होते.

हेमलतानं त्याला न्हाणीतून उचलून आणलं, पदरात घेतलं. त्याचे डोळे चिकटले होते. नाकाशी फेसाचा बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. मान लांब करून तो तोंड उघडायचा आणि आतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा.

“किती दिवस खाल्लं नाही?”

“आठ-दहा दिवस झाले असतील.”

“बारा,” मागून आवाज आला. गार्गी शाळेच्या फ्रॉकमध्ये दारात उभी होती. “मी लिहून ठेवलंय.”

तेव्हा मला कळलं की हेमलताला पत्र गार्गीनं पाठवलं होतं. ते कार्ड मी नंतर हेमलताच्या ट्रंकेवर पडलेलं पाहिलं. ‘मावशी, बत्ताशा डोळे उघडत नाही. तू लवकर ये. इथं कुणालाच कळत नाही.’ बाकी सगळं विसरता आलं असतं, ते ‘कुणालाच’ मला विसरता आलं नाही. त्या घरात तिच्याबरोबर दिवसभर मी एकटीच तर असायचे.

लग्नाला आठ महिने झाले तरी गार्गी मला कशानंच हाक मारत नव्हती. काही हवं असलं तर येऊन समोर उभी राहायची. मी विचारायचं, तिनं मान हलवायची. आणि त्या सकाळी ती हेमलताच्या कमरेला विळखा घालून, एकही श्वास न घेता, बारा दिवसांचा सगळा वृत्तांत सांगत होती.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पठाण भला माणूस. त्यांनी बत्ताशाला उलटसुलट करून पाहिलं आणि हसले.

“बाई, मी म्हशींचा डॉक्टर. कासव माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलंय.” पण मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा लावून बराच वेळ वाचलं. “छातीत कफ झालाय. सहा इंजेक्शनं देऊ, तीन-तीन दिवसांनी, पुढच्या पायात. पण औषधापेक्षा ऊब महत्त्वाची. यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून द्यावी लागते. रोज कोमट पाण्यात बसवा. आणि गार फरशीवर अजिबात ठेवू नका.”

हेमलतानं माझ्याकडं पाहिलं नाही. मी मात्र तिच्याकडं पाहत होते.

तिनं वीस दिवसांची रजा टाकली होती. घरी आल्याबरोबर माळ्यावरून बियाण्यांच्या दोन लाकडी पेट्या काढल्या, मधल्या फळ्या काढून त्या एकमेकींना जोडल्या. तळाला साळीचं तूस पसरलं, एका टोकाला कौल पालथं घातलं, दुसऱ्या टोकाला साठचा बल्ब लटकवला आणि वरून अर्धं पोतं टाकलं. ही पेटी मधल्या खोलीत खिडकीशी ठेवायची होती, कारण प्लग तिथंच होता. तिथं माझं शिलाई मशीन होतं. माहेराहून मी आणलेली तेवढी एकच वस्तू.

“माणिकताई, हे जरा सरकवू का?” तिनं विचारलं, आणि मी हो म्हणेपर्यंत गार्गी आणि ती दोघींनी मिळून ते व्हरांड्यात नेलंही होतं.

त्यानंतरचे दिवस मला एखाद्या लांबलेल्या तापासारखे आठवतात. हेमलता सकाळी उठून पेटीत हात घालून ऊब बघायची. परातीत कोमट पाणी काढून मनगट बुडवायची, मग बत्ताशाला त्यात बसवायची. गार्गी शेजारी उकिडवी बसून मोठ्यानं आकडे मोजायची, पाचशेपर्यंत. मग कापसाच्या बोळ्यानं डोळे पुसायचे, जास्वंदीचं पान तोंडाशी धरायचं, त्यानं ते घेतलं नाही की दोघींनी एकाच वेळी सुस्कारा सोडायचा. मी ओट्याशी भाकरी थापत असायचे आणि माझ्या मागं हे सगळं चाललेलं असायचं. पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले तेव्हा गार्गी हसली. खळखळून, पोट धरून. त्या घरात मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं, आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर दुमडली.

हेमलता दिसायला शैलजासारखी होती, त्यावरूनच दारात तिला पहिल्यांदा पाहून मी ओळखलं होतं. भिंतीवरच्या फोटोतलं तेच कपाळ, पुढच्या दोन दातांतली तीच फट. फोटोकडं पाहायचं नाही असं मी ठरवू शकत होते. हिच्याकडं न पाहता घरात वावरायचं कसं?

शनिवारी श्रीनिवास फिरतीवरून आले. त्या दिवशी हेमलतानं येसर आमटी केली होती, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, शैलजा करायची तशी. मी करू नका म्हटलं होतं, पण गार्गीनं हट्ट धरला. श्रीनिवासांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“किती दिवसांनी,” ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईनं माझ्या मेथीच्या भाजीचंही कौतुक केलं. त्या कौतुकानं मला जास्त लागलं.

जेवण झाल्यावर गार्गी म्हणाली, “बाबा, बत्ताशा बरा झाला की मावशी त्याला परतूरला नेणारे. मी पण जाऊ? तिच्याच शाळेत जाईन.”

“मी असं म्हटलं नव्हतं, गार्गी,” हेमलता म्हणाली. “तुझ्या मनात होतं, मी फक्त ‘बघू’ म्हणाले.”

श्रीनिवासांनी सुपारी कातरता कातरता विचार केला. “वाईट नाही. मी असा फिरतीवर. बघू, जूनमध्ये बघू.”

मला कुणी विचारलं नाही. मी ताटं उचलत होते, ती तशीच उचलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोरीवर कपडे घालताना शेजारच्या बोराडेबाई कुंपणापाशी आल्या. “राहिली का गं पाव्हणी? बरं झालं बाई, पोरीला मायेचं माणूस.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तसं तिच्याशीच जमणार होतं नं? समदी गल्ली तेच म्हणत होती. मेव्हणी आहे, पोरीची मावशी आहे. मधीच काय बिनसलं कुणास ठाऊक. आन् मग तू आलीस.”

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी हातातला परकर पिळत राहिले. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं.

तेव्हापासून माझी नजर बदलली. हेमलतानं श्रीनिवासांना चहा दिला की मी कपाच्या कानाकडं बघायचे, बोटं कशी लागतात म्हणून. ‘दाजी’ म्हणताना तिचा आवाज कुठं उतरतो, कुठं चढतो, याचा मी हिशेब ठेवायचे. काहीच सापडायचं नाही, आणि काही सापडत नाही म्हणून मी आणखी जळायचे.

चौथ्या इंजेक्शननंतर बत्ताशानं खायला सुरुवात केली. आणि एकदा खायला लागल्यावर त्याला चैन पडेना. दिवसभर पेटीच्या फळ्यांवर धडका द्यायचा. ठक, ठक, ठक. कौलावर चढून पेटीच्या काठावर पुढचे पाय टाकायचा आणि धपकन उलटा पडायचा. डॉक्टर पठाण म्हणाले, चांगलं लक्षण आहे, अंगात ताकद आली की असंच करणार. दुपारी ऊन असताना बाहेर सोडा, चार वाजले की आत घ्या. एका गार रात्रीत केलेलं सगळं पाण्यात जाईल.

हेमलतानं अंगणात कंपाउंडच्या भिंतीला लागून कोंबड्यांच्या जाळीचा वाडा केला. तीन बाजूंना जाळी, चौथ्या बाजूला भिंत, आणि जाळीचंच एक छोटं दार, त्याला तारेची कडी. पण तिथंही तो शांत बसेना. जाळीच्या कडेकडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा, वळायचा, पुन्हा चालायचा. जाळीला नाक घासून घासून नाकावरचं कातडं सोललं. हेमलतानं निवडुंगाची फोडं ठेवली, मातीचा ढीग केला, पाण्याचं पसरट भांडं पुरलं. काही उपयोग झाला नाही. ती वाड्याशी बसून रडवेली व्हायची.

“काय पाहिजे रे तुला? आणखी काय देऊ?”

तिला जे कळत नव्हतं, ते मला कळलं. एका दुपारी ती झोपली असताना दोरीवर जागा नव्हती म्हणून मी धुतलेली साडी त्या जाळीवर पसरली. थोड्या वेळानं पाहिलं तर बत्ताशा त्या बाजूला फिरकतही नव्हता. भिंतीच्या बाजूलाही तो कधी चालत नसे. त्याला पलीकडचं दिसलं की त्याला वाटायचं, वाट आहे. दिसलं नाही की तो वळायचा, मातीत बसायचा, पान खायचा. एवढी साधी गोष्ट. जाळीला खालून हातभर पोतं लावलं असतं तर त्याचं नाक वाचलं असतं.

हेमलता उठायच्या आत मी ती साडी काढून घेतली.

पाच दिवस मी गप्प राहिले. रोज तिला हरताना पाहत होते आणि मला बरं वाटत होतं. सगळं येत असलेल्या त्या बाईला एक गोष्ट येत नव्हती, आणि ती माझ्याजवळ होती. हे सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली.

ती गोष्ट घडली तो गुरुवार होता. हेमलता गार्गीला शाळेतून आणायला गेली होती. खरं तर गार्गी एकटीच यायची-जायची, मी न्यायला येऊ का विचारलं तर मान हलवायची. आता मावशी फाटकाशी उभी हवी असायची. साडेतीन वाजले होते. मी व्हरांड्यात मशीनवर बसले होते आणि समोर तो चालत होता. इकडून तिकडं. तिकडून इकडं. नाकावर रक्ताचा ठिपका.

मी उठले. वाड्याशी गेले. तारेची कडी काढली आणि जाळीचं दार वीतभर उघडून ठेवलं.

“जा,” मी त्याला म्हणाले. “जायचंय ना? जा मग.”

मी आत येऊन मशीनवर बसले आणि एका ब्लाउजची बाही सरळ रेषेत शिवून काढली. मान वर करून पाहिलं नाही.

त्या दोघी आल्या तेव्हा वाडा रिकामा होता.

पुढचे तीन-चार तास गल्लीत नुसता गोंधळ. बोराडेबाईंनी आपल्या मागचं परसू पालथं घातलं, समोरच्या घरची माणसं गटाराच्या कडेनं बॅटरी घेऊन फिरली. हेमलता अनवाणीच पळत होती. मीही शोधत होते, सगळ्यांच्या देखत, झुडपांत हात घालून. आठ वाजता थंडी एवढी वाढली की लोक आपापल्या घरी गेले. हेमलता व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

“कडी,” ती हळूच म्हणाली. “कडी नीट लागली नसेल. माझ्याकडूनच राहिली असणार.”

गार्गी तिच्या समोर उभी राहिली.

“तुझ्यामुळं गेला! तू लावली नाहीस कडी! आईनं दिला होता तो मला, आईनं! तू जा इथून!”

आणि ती वळली आणि धावत येऊन माझ्या पोटात डोकं खुपसून रडायला लागली. दोन्ही हातांनी माझी साडी घट्ट धरून, गदगदून, घशातून आवाज काढून. तिच्या अश्रूंनी माझा पदर भिजला. मी तिच्या केसांवर हात ठेवला. तिच्या डोक्यावरून मला हेमलता दिसत होती. ती आमच्याकडंच पाहत होती, आणि तिचे डोळे कोरडे होते.

आठ महिने मी ज्याची वाट पाहिली, ते माझ्या हातांत होतं. मी ते घट्ट धरलं. एक शब्द बोलले नाही.

रात्रभर डोळा लागला नाही. गार्गी माझ्या कुशीत झोपली होती. झोपेत मध्येच हुंदका द्यायची. फटफटताना मी तिचा हात अलगद बाजूला केला, शाल घेतली आणि बाहेर पडले. अंगणात हेमलता आधीच उभी होती. आम्ही दोघी फाटकातून बाहेर पडलो आणि चालायला लागलो.

गल्लीच्या शेवटी तेलाची गिरणी होती. थंडीत सगळ्या गल्लीची मांजरं तिथं सरकीच्या ढिगावर झोपायची, ते मी रोज दूध आणायला जाताना बघायचे. कपाशीचं बी साठवलं की आतून तापतं. मी हेमलताला म्हणाले, “तिकडं बघू.” गिरणीच्या पत्र्याच्या फाटकाखाली वीतभर फट होती. चौकीदार शेकोटीपाशी होता, त्यानं आम्हाला आत सोडलं.

ढिगाच्या पायथ्याशी, भिंतीकडच्या बाजूला सरकी उकरलेली दिसली. हेमलतानं गुडघे टेकले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तशीच थांबली. मग तिनं त्याला बाहेर काढलं. अंगभर सरकीचा कापूस चिकटला होता. तिनं त्याच्या पायाला बोट लावलं. त्यानं पाय आत ओढून घेतला.

“गरम आहे,” ती म्हणाली, आणि तिथंच बसून रडायला लागली.

मी तिच्या शेजारी बसले. मला तिला हात लावायचा होता, पण लावला नाही.

“हेमाताई, कडी तुमच्याकडून राहिली नव्हती.”

“मला माहितीये,” ती डोळे पुसत म्हणाली. “मी दोनदा ओढून बघते. काल पण बघितली होती.”

“मग काल का नाही बोललात?”

ती बत्ताशाच्या पाठीवरचा कापूस वेचू लागली.

“शैला गेली तेव्हा गार्गी रडली नाही. तेराव्याला नाही, नंतर नाही. दाजींच्या जवळ नाही, माझ्या जवळ नाही. आम्ही किती वाट बघितली. काल ती पहिल्यांदा रडली, आणि तुमच्याकडं धावत जाऊन रडली. मी तेव्हा बोलले असते तर तिनं हात सोडले असते तुमचे. मग ती कुणाकडं गेली असती?”

मी म्हणाले ते भलतंच होतं. “लोक म्हणतात, तुमचंच ठरलं होतं ह्यांच्याशी.”

ती हसली. “ठरलं कुठलं? मीच आईकडून निरोप पाठवला होता. दाजी नाही म्हणाले. म्हणाले, हिच्या चेहऱ्यात मला शैला दिसते, रोज उठून ते बघणं मला जमणार नाही.” तिनं बत्ताशाला शालीत गुंडाळायला सुरुवात केली. “तुमच्या लग्नाला मी तापाचं कारण सांगून आले नाही. ताप नव्हता. इथं आले त्या दिवशी तुम्ही दार उघडलंत ना, हातावर पीठ होतं तुमच्या. ते पीठ माझ्या हातावर असायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात आलं.”

आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर मी तिला सांगितलं की जाळीला खालून पोतं लावा, बाहेरचं दिसतं म्हणून तो चालतो. आणि हेही सांगितलं की हे मला पाच दिवसांपासून ठाऊक होतं. ती फक्त “हं” म्हणाली.

घरी गार्गी उठून पायरीवर बसली होती. बत्ताशाला पाहून ती किंचाळली, धावली, हेमलताच्या गळ्यात पडली, “मावशी, मला माफ कर, माफ कर,” म्हणाली. हेमलतानं तिला थोपटलं आणि माझ्याकडं पाहिलं. बोला, असं नव्हतं त्या नजरेत. बोलू नका, असंही नव्हतं. ते तिनं माझ्यावर सोडलं होतं.

“गार्गी,” मी म्हणाले, “कडी मावशीनं लावली होती. मी काढली. मुद्दाम काढली.”

तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं.

“का?”

आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं असतं, ते मला माहीत नव्हतं. मी खरं ते सांगितलं. “मला मावशीचा राग यायचा. तू तिच्याशी बोलतेस, हसतेस. माझ्याशी काहीच बोलत नाहीस. म्हणून.”

गार्गी माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं.

“मग मला सांगायचं ना,” ती म्हणाली, आणि बत्ताशाला घेऊन आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी संक्रांत होऊन गेली तरी बोलली नाही. श्रीनिवासांनाही मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आठवडाभर घरात माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते सगळं मी सोसलं, सोसण्यासारखंच होतं. पुढं वर्षं गेली, गोष्टी आपापल्या गतीनं जागेवर आल्या. बत्ताशा आमच्याकडं आणखी नऊ वर्षं राहिला. कायदा काय आहे ते कळल्यावर आम्ही त्याला वनखात्याच्या माणसांच्या हवाली केलं. तेव्हा त्याला पेटीत ठेवायला गार्गी आणि मी दोघी गेलो होतो.

पण मला सांगायचंय ते हेमलता गेली त्या दिवसाचं. सहावं इंजेक्शन झालं तेव्हा तिनं डॉक्टरांच्या टेबलाशी बत्ताशाला माझ्या हातात दिलं. “पुढचा पाय असा धरा, दोन बोटांत. जोर लावू नका, तो ओढतो, तेवढंच ओढू द्या.” मी धरला. त्याच दुपारी तिनं ट्रंक भरली. गार्गीची पिशवीही भरलेली होती, ती तिनं स्वतःच भरून दारात ठेवली होती. हेमलतानं ती उचलून पुन्हा आत नेली. खोलीत दोघी बराच वेळ बोलत होत्या. गार्गीचा चढलेला आवाज आला, मग रडणं, मग काहीच नाही. बाहेर आली तेव्हा हेमलताच्या हातात फक्त तिची स्वतःची ट्रंक आणि पिशवी होती.

मी तिला सोडायला स्टँडवर गेले. परतूरची गाडी लागलेली होती.

“बत्ताशाला तरी घेऊन जा,” मी म्हणाले. “तो तुमचा आहे. माझ्यावर कसा सोडता तुम्ही? आणि ती पोर? ती माझ्याकडं बघतसुद्धा नाही.”

“बघेल.” तिनं ट्रंक कंडक्टरच्या सीटमागं ढकलली. “माझ्याकडं आली तर ती शैलाच्या गोष्टीच ऐकत मोठी होईल, माणिकताई. मी तरी तिच्याशी दुसरं काय बोलते? रोज तेच. तुझी आई असं करायची, तुझी आई तसं म्हणायची.” तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तुम्ही तिला खरं सांगितलंत. खोटं बोलून ती तुमचीच राहत होती, तरी सांगितलंत. मला जमलं असतं की नाही, सांगता येत नाही.”

“मी त्याला मारायलाच निघाले होते,” मी म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “आणि पहाटे सगळ्यांच्या आधी शाल घेऊन तुम्हीच बाहेर आलात.”

“तुम्ही आधीच उभ्या होतात.”

“मी झोपलेच नव्हते,” ती म्हणाली आणि गाडीत चढली.

खिडकीशी जागा मिळाली तिला. तिनं पदर कानावरून घट्ट लपेटून घेतला, गाडी सुरू झाल्यावर एकदा हात हलवला आणि समोर पाहायला लागली. मूल तिनं मागं ठेवलं होतं, कासव ठेवलं होतं, आणि ज्या घरात तिला यायचं होतं तेही. तिच्या मांडीवर नुसती ती पिशवी होती.

त्या वीस दिवसांत मला तिचा रोज हेवा वाटला होता. पण त्या दुपारी स्टँडवर उभं राहून जितका वाटला, तितका कधीच वाटला नव्हता.